कापलेले श्वास

१

आयुष्यभर मी श्वास कापायचं काम केलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण चांगली पगारी नोकरी होती. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका केंद्रात मी अठरा वर्षं ध्वनिसंपादक होतो. वाचणारा काचेपलीकडच्या खोलीत बसून पुस्तक वाचायचा आणि मी अलीकडे बसून त्या वाचनातली घाण काढायचो. घाण म्हणजे खोकला, घोट गिळल्याचा आवाज, पानाची फडफड, चुकलेली वाक्यं आणि श्वास. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, आणि ऐकणाऱ्याला तो नको असतो, असं आमच्या साहेबांचं मत होतं. दिवसाला हजारभर तरी कापले असतील.

कापलेल्या जागी नुसती पोकळी ठेवून चालत नाही, कानाला ती खड्ड्यासारखी लागते. म्हणून रोज सकाळी आधी त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आणि मग तिचे तुकडे त्या भोकांमध्ये बसवायचे. त्या वेळी वाचणाऱ्याला आतच बसावं लागतं, कारण माणूस असलेल्या खोलीची शांतता वेगळी असते. बाकीचे वाचक अगदी हळू श्वास घेत बसायचे. एक बाई मात्र श्वास रोखून धरायच्या. गाल फुगवून काचेतून माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी बोटांवर सेकंद मोजायचो. बेचाळीस हा त्यांचा विक्रम. पुढे त्या बाईंशीच माझं लग्न झालं, तरी विक्रम काही मोडला नाही.

वाचताना चुकली की ती हात वर करून म्हणायची, "थांब. पुन्हा घेते." पाचेक सेकंदांत नीट घ्यायची. फारच गोंधळ झाला तर म्हणायची, "हे काप." कधी मध्येच थांबून, "झोपलास का, कानसेन?" मला ती कानसेनच म्हणायची, घरीसुद्धा. हे सगळं मी इमानेइतबारे कापायचो आणि जागा अडते म्हणून रोज संध्याकाळी कातरण पुसून टाकायचो.

सव्वा वर्षापूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, त्याबद्दल मी तक्रार करत नाही. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते, त्यावर जाळीदार कापडाची पट्टी असते आणि प्रत्येक श्वासाला एक बारीक शीळ येते. बोलायचं असेल तर पाटीवर लिहिते. घरात तिच्या आवाजातली एकतीस पुस्तकं आहेत, स्वच्छ, निर्मळ, माझ्या हातची. त्यांत तिचं एक हसू नाही की एक खोकला नाही. एकदासुद्धा ती मला हाक मारत नाही.

२

घरचे स्पीकर जुने झाले होते. त्यांतून तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा आणि मला ते सहन होत नव्हतं. नवे घ्यायला गेलो तर किमती ऐकून कानाला खडा लावला. मग जुन्या सामानाच्या दुकानात गेलो.

इस्त्र्या, पंखे आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या मधोमध ती जोडी होती. पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे छोटे स्पीकर, चपलेच्या खोक्याएवढे. लाकडाचा पापुद्रा कोपऱ्यांवर निघालेला, एकाच्या तोंडावरचं कापड उसवलेलं. कंपनीचं नाव कुठेच नाही. मी नाक मुरडलं, पण उचलून पाहिले तर चांगले जड होते. जड असणं हे स्पीकरच्या बाबतीत शुभलक्षण.

"चालतात का?" मी दुकानदाराला विचारलं.

"चालतात की. पण परत घेणार नाही, आधीच सांगतो."

"का, लोक परत आणतात?"

"तिघांनी आणलेत."

"म्हणजे काहीतरी बिघाड असणार."

"बिघाड असता तर दुरुस्त करून जास्तीला विकले असते, साहेब." त्याने जुन्या चादरीत गुंडाळायला सुरुवातही केली होती. "चांगले वाजतात, हीच तक्रार आहे."

मी हसलो. घरी येईपर्यंत मधूनमधून हसतच होतो. अशी तक्रार करणारी माणसं मला भेटायला हवी होती, असं वाटत होतं.

३

बैठकीतल्या पुस्तकांच्या फळीवर एक डावीकडे, एक उजवीकडे असे ठेवले, जुन्या अॅम्प्लिफायरला जोडले आणि तिचं बारावं पुस्तक लावलं.

इतक्या वर्षांच्या कामात मी महागाचे स्पीकर भरपूर ऐकलेत. कबूल करायला जीभ रेटत नाही, पण असा आवाज कुठेच ऐकला नव्हता. त्यात भपका नव्हता, उगाच घुमणारा खर्ज नव्हता. दोन खोकी नाहीशी झाली आणि त्यांच्या मधल्या जागेत ती बसलेली होती. तिचे ओठ किती उंचीवर आहेत ते मी बोटाने दाखवू शकलो असतो. "र" म्हणताना तिची जीभ किंचित अडखळायची, ते मी विसरलो होतो. माझे डोळे भरून आले.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात थांबली. पाटी घेऊन लिहिलं, "केवढ्याला?" मी आकडा सांगितला. तिने भुवया उंचावल्या आणि समोर बसून स्वतःलाच ऐकू लागली.

दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला, पहिल्या वाक्याआधी, तिने श्वास घेतला. स्पीकरमधल्या तिने.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. तो श्वास मी कापला होता. कापायचा राहिला असेल हे शक्य नाही, माझ्या हातून असं राहत नाही. संगणकावर ती जागा उघडून पाहिली. आवाजाची रेघ तिथे सपाट होती, मी बसवलेल्या शांततेचा तुकडा जसाच्या तसा. जुने स्पीकर जोडून तीच जागा वाजवली, तर सपाट शांतता. नवे जोडले, तर श्वास. पाच वेळा अदलाबदल केली. शेवटी बायकोने पाटी पुढे केली, "जेवायला ये."

कापताना कडेला काहीतरी उरत असेल, मी स्वतःला सांगितलं, आणि उत्तम स्पीकर ते शोधून काढत असतील. असं काही नसतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी जेवताना मी गुणगुणत होतो.

४

मग एकेक परत येऊ लागलं. तिसऱ्या दिवशी खोकला. चौथ्या दिवशी पान उलटल्याची फडफड आणि मागोमाग पेला खाली ठेवल्याचा आवाज. सहाव्या दिवशी एका लांब वाक्यात ती अडखळली आणि म्हणाली, "थांब. पुन्हा घेते." संगणकावर तिथे रेघ सपाटच होती.

आठव्या दिवशी ती हसली. कशाला हसली होती तेही मला आठवलं, माझ्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आणि हसता हसता म्हणाली, "अरे, आरशात बघतोस की नाही, कानसेन?"

मी लहान मुलासारखा रडलो. माणसाने घाबरायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा भीतीला जागाच नव्हती. मी रोज संध्याकाळी पुसून टाकलेली माझी बायको मला परत मिळत होती. मी सकाळी उठल्याबरोबर लावायचो, आंघोळीला जाताना आवाज वाढवून जायचो. एकतीस पुस्तकं होती. एवढी कातरण, वर्षानुवर्षं पुरली असती.

तिने पाटीवर लिहिलं, "पुरे आता."

"थोडंच. हे प्रकरण संपू दे."

"मला दम लागतो."

"पट्टी बदल. धूळ बसली असेल."

तिने पट्टी बदलली. संध्याकाळी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. लिहिलं होतं, "मी इथे आहे." मी मान हलवली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पुढचं प्रकरण लावलं. हे सांगताना मला स्वतःची लाज वाटते, पण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

५

त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी बैठकीत ऐकत होतो. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. एका परिच्छेदाच्या शेवटी श्वास आला आणि त्याला शीळ होती.

बारीक, कापडातून गाळून आल्यासारखी शीळ. हे रेकॉर्डिंग बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा तिचा गळा शाबूत होता. ही शीळ सव्वा वर्षापूर्वी जन्माला आली, आणि जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा मला ती जास्त ओळखीची आहे, कारण रोज उशीशेजारी मी ती ऐकतो.

मी पुस्तक थांबवलं. वाचन थांबलं. शीळ थांबली नाही.

आत, बाहेर. आत, बाहेर. उजव्या स्पीकरचं उसवलेलं कापड प्रत्येक वेळी आत ओढलं जात होतं आणि पुन्हा फुगत होतं. मी अॅम्प्लिफायरची आत येणारी वायर उपटली. आता स्पीकरकडे कुठूनही काही येत नव्हतं. कापड हलतच राहिलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पाठमोरी होती. सुरी चिरायच्या पाटावर टकटक पडत होती. मी कान टवकारले. या घरात ती कुठल्याही खोलीत असली तरी मला तिच्या श्वासावरून सांगता येतं. सुरी ऐकू येत होती, नळाचं टिपकणं ऐकू येत होतं. तिच्याकडून काहीही येत नव्हतं. शीळ माझ्या मागून, बैठकीतून येत होती.

ती वळली. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. तिने ओला हात गळ्यापुढे धरला, तळवा भोकाकडे करून, आणि माझ्याकडे बघत नकारार्थी मान हलवली.

६

मी धावत जाऊन अॅम्प्लिफायर बंद केला. दुसरं कुणी काय केलं असतं?

आतून ताटली पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर ती ओट्याला धरून खाली सरकत होती. तोंड उघडं, छाती स्थिर, डोळे माझ्यावर. मी तिला धरलं, पाठ चोळली, पट्टी काढून फेकली. भोक मोकळं होतं, त्यात काही अडकलेलं नव्हतं. फक्त हवा आत जात नव्हती आणि बाहेर येत नव्हती. ओठ निळे व्हायला लागले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला तशीच टाकून बैठकीत पळालो आणि बटण दाबलं.

उसवलेलं कापड आत ओढलं गेलं. स्वयंपाकघरात ती उठून बसली.

त्यानंतर अॅम्प्लिफायर बंद झाला नाही. मी पुस्तकं लावणं सोडलं. एकही शब्द नको होता मला, कातरण तर नकोच. पण शीळ चालू राहिली. ती बैठकीत असो की न्हाणीत, तिचा श्वास फळीवर होता. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायला निघालो तर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती थांबली आणि कठडा धरून परत वर गेली. शीळ तिथपर्यंतच ऐकू येत होती.

मग दवाखान्यातल्या सिस्टरना घरी बोलावलं. बोटाला चिमटा लावून त्या म्हणाल्या, "छान आहे की, काका. ऑक्सिजन माझ्यापेक्षा बरा आहे." मग छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या. नळी झटकली, पुन्हा लावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नळी बिघडलेली दिसते. काहीच ऐकू येत नाही." त्या हसल्या आणि इकडे-तिकडे बघत म्हणाल्या, "काकूंचा श्वास इथून तर किती स्वच्छ ऐकू येतोय, बघा ना."

त्या फळीकडे पाठ करून उभ्या होत्या.

७

आठवड्याने इमारतीच्या दारावर कागद लागला. दुरुस्तीसाठी बुधवारी अकरा ते चार वीज बंद राहील.

मी वीज कचेरीत फोन केला. पलीकडची बाई आधी चांगली बोलत होती.

"घरात यंत्रावर असलेला रुग्ण आहे का? तसं असेल तर अर्ज करता येतो."

"आहे. माझी बायको."

"कुठलं यंत्र?"

मी फळीकडे पाहिलं. मग म्हणालो, "स्पीकर."

"काय?"

"पुस्तकांच्या फळीवर ठेवतात ते. जोडी आहे." माझा आवाज चिरकला. "हात जोडतो तुम्हाला. आमच्या एका घरापुरती वीज चालू ठेवा."

तिने फोन ठेवला. तिचं काय चुकलं? मी कॉम्प्युटरच्या दुकानातून बॅटरीची पेटी आणली. दुकानदार म्हणाला, तासभर चालेल. आणखी दोन मागितल्या, तर शनिवारी येतील म्हणाला. खालच्या मजल्यावरच्यांकडे, समोरच्या इमारतीत, जिथे जिथे जिने चढता आले तिथे जाऊन मी बॅटरी मागितली. लोकांनी दारं अर्धीच उघडली. एकाने विचारलं, "मॅच आहे का आज?"

तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण कागद तिनेही वाचला असणार. मंगळवारी दुपारी तिने मला हाताला धरून बसवलं आणि पाटी पुढे केली.

"हे काप."

"नाही."

तिने बोट त्याच शब्दांवर पुन्हा आपटलं. मग पुसून लिहिलं, "त्या खोक्यांत कोंडल्यासारखं होतं. तू मोजत नाहीस."

"अठरा वर्षं कापलं तेवढं बास झालं," मी म्हणालो. "आता एकही कापणार नाही मी. एकसुद्धा नाही." आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून ओरडून रडलो. ती माझी पाठ थोपटत राहिली. शीळ फळीवरून येत होती, संथ, एकसारखी. थोपटणाऱ्या हाताच्या तालातच येत होती.

८

बुधवारी अकराला पंखा थांबला आणि बॅटरीची पेटी टीं टीं करू लागली. अॅम्प्लिफायरचा तांबडा दिवा लागलेला राहिला. ती फळीसमोरच्या खुर्चीत बसली होती, निळी साडी नेसून, केस विंचरून. मी तिच्यासमोर स्टुलावर. आम्ही दोघंही दिव्याकडे बघत होतो. पेटीचं टीं टीं मध्ये मध्ये शीळ झाकून टाकायचं.

साडेअकराला तिने पाटी घेतली आणि पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. मी मान फिरवली. तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. रागावलेली नव्हती. काचेपलीकडून बघायची तशी बघत होती.

अकरा पन्नासला टीं टीं सलग झालं. तासभर म्हणाला होता तो. मी उठून पेटीवर हात आपटला, वायर दाबून धरली. काय काय बोललो ते आठवत नाही. तिने माझा सदरा ओढला, मला खाली बसवलं, आपला उजवा हात माझ्यापुढे धरला आणि करंगळीवर टिचकी मारली. मोज, असं ती म्हणत होती.

मग फळीवरून एक मोठा श्वास आला, शीळ घालत, कापड पार आत ओढून. तिने गाल फुगवले. दिवा गेला.

मी बोटांवर मोजायला लागलो. दुसरं काय करणार होतो? एक हात तिच्या गळ्यापुढे धरला होता, दुसऱ्याच्या पेरांवर अंगठा फिरत होता. दहा. वीस. ती गाल फुगवून माझ्याकडेच बघत होती आणि डोळ्यांत तेच जुनं हसू होतं, बघूया कोण आधी कंटाळतं असं. पस्तीसला पापण्या फडफडल्या. मी मोठ्याने मोजू लागलो. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

तिचे गाल हळूहळू बसले. माझ्या तळव्याला काही लागलं नाही.

वीज नव्हती. पेटी मेली होती. त्या गुरुवारी मी उपटलेली वायर अजून फळीखाली लोंबत होती. आणि फळीवरून, दोन खोक्यांच्या बरोबर मधून, तिच्या आवाजात, तिच्या जुन्या, धडधाकट, किंचित वैतागलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "थांब. पुन्हा घेते."

मी फळीकडे पाहिलेलं नाही. उसवलेलं कापड डोळ्याच्या कोपऱ्यात आहे, ते हलतंय की नाही हे मला बघायचं नाही. मी तिच्याकडे बघतोय. पाटी तिच्या मांडीवर आहे. तळहात तिच्या गळ्यापुढे धरलाय आणि तो मी हलवणार नाही.

तिला पाचेक सेकंद लागायचे. आज जरा जास्त लागतायत. वीज चारला येणार आहे. मी थांबलोय.